दोन इंटरनेट लाइन, एक राउटर: लोड बॅलन्सिंगच्या अडचणींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्याचे चार महिने एकाच इंटरनेट लाइनच्या भरवशावर काढणे ज्यांना परवडत नाही, अशी गोव्यातील अनेक घरे, होमस्टे आणि लहान कार्यालये दुसरी लाइन घेतात. पहिली बहुधा फायबरची असते. दुसरी वेगळ्या कंपनीच्या फायबरची, नाहीतर फोर-जी किंवा फाइव्ह-जीची. दोन्ही लाइन दोन वॅन पोर्ट (बाहेरची लाइन जोडण्याच्या जागा) असलेल्या राउटरला जोडल्या आणि लोड बॅलन्सिंग, म्हणजे दोन्ही लाइनींवर वाहतूक वाटून देणे, चालू केले की पुढचे प्रश्न सुरू होतात. येथे ‘लाइन’ म्हणजे कंपनीकडून येणारी इंटरनेट सेवा आणि ‘जोडणी’ म्हणजे तुमच्या फोनने किंवा संगणकाने एखाद्या सर्व्हरशी उघडलेला एक संवाद, असा अर्थ धरला आहे. हा फरक मनात पक्का झाला की निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो.

१०० आणि ५० एमबीपीएसच्या दोन लाइन असूनही एक मोठी फाइल १५० च्या वेगाने का उतरत नाही?

कारण राउटर जोडण्या वाटतो; एकाच जोडणीतील पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, तो दोन लाइनींवर विभागत नाही. रायबंदर–चोडण मार्गावर एकाऐवजी दोन फेरीबोटी लावल्या, तर तासाभरात पार होणाऱ्या गाड्यांची संख्या वाढते, पण तुमची गाडी अर्धी एका बोटीत आणि अर्धी दुसऱ्या बोटीत चढवता येत नाही. जोडणीचेही तसेच आहे. प्रत्येक लाइन बाहेरच्या इंटरनेटला वेगळ्या सार्वजनिक आयपी पत्त्याने दिसते, आणि पलीकडचा सर्व्हर जोडणी ओळखतो ती दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट क्रमांक (केबल लावायची जागा नव्हे, तर संवादाला दिलेला क्रमांक) पाहूनच. मध्येच वेगळ्या पत्त्यावरून आलेले पॅकेट त्याला अनोळखी वाटते आणि तो ते टाकून देतो.

दोन लाइनींचा वेग खरोखर एकत्र करायचा असेल, तर त्याला बाँडिंग म्हणतात. त्यासाठी इंटरनेटच्या पलीकडच्या टोकाला एखादा सर्व्हर लागतो, जो दोन्ही लाइनींवरून आलेली पॅकेट पुन्हा क्रमाने जुळवतो. हा सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो आणि सगळी वाहतूक वळसा घालून जात असल्यामुळे प्रतिसादाला लागणारा वेळ वाढतो. घरगुती वापरासाठी मी हा मार्ग कोणालाही सुचवत नाही. एकाच वेळी अनेक जोडण्या उघडणारे डाउनलोड मॅनेजर किंवा टोरंट वापरल्यास बेरजेच्या जवळपासचा वेग साध्या लोड बॅलन्सिंगवरही मिळतो.

स्पीड टेस्ट कधी बेरीज दाखवते, कधी एकाच लाइनचा वेग दाखवते. यातले खरे कोणते?

दोन्ही खरे. बहुतेक स्पीड टेस्ट एकाच सर्व्हरकडे एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतात. तुमचा राउटर प्रत्येक जोडणी स्वतंत्रपणे वाटत असेल, तर त्या दोन्ही लाइनींवर पसरतात आणि बेरीज दिसते. तो ‘हा संगणक आणि हा सर्व्हर’ अशी जोडी पाहून लाइन ठरवत असेल, तर सगळ्या जोडण्या एकाच लाइनवर जातात. म्हणून बेरीज न दिसणे हा बिघाडाचा पुरावा धरू नये. दोन वेगळ्या संगणकांवरून एकाच वेळी टेस्ट करणे आणि त्या काळात राउटरच्या पानावर दोन्ही वॅन पोर्टचे आकडे हलतात की नाही हे पाहणे, ही त्याहून भरवशाची कसोटी आहे.

काहीतरी बिघडले आहे, एवढेच कळते. तपासणीला सुरुवात कुठून करावी?

राउटरच्या सेटिंगमध्ये हात घालण्यापूर्वी राउटर बाजूला ठेवावा. लॅपटॉप केबलने थेट पहिल्या मोडेमला जोडून वेग, पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) आणि हरवणारी पॅकेट यांची नोंद करावी. नंतर दुसऱ्या मोडेमवर तेच करावे. हीच नोंद सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास अशी दोन वेळा घेतली तर अधिक चांगले, कारण फाइव्ह-जी आणि फोर-जी लाइनचा वेग गर्दीच्या वेळी बराच खाली येऊ शकतो. त्यानंतर राउटरला फक्त पहिली लाइन जोडावी, मग फक्त दुसरी, आणि शेवटी दोन्ही. ज्या पायरीवर दोष दिसू लागतो, त्या पायरीवर तो आहे. हे सांगण्याइतके साधे वाटते, पण ‘लोड बॅलन्सिंग चालत नाही’ म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी कितीतरी तक्रारी याच तपासणीत संपल्या: दोनपैकी एक लाइन मुळातच खराब होती आणि राउटर अर्ध्या जोडण्या इमानेइतबारे तिच्यावर पाठवत होता.

याच वेळी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली केबल. गिगाबिट वेगासाठी नेटवर्क केबलमधील आठही तारा जोडलेल्या असाव्या लागतात. चारच नीट लागत असतील तर पोर्ट १०० एमबीपीएसवर चालतो आणि २०० ची लाइन कायम ९० ते ९५ वर अडकलेली दिसते. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या, दमट हवेत कनेक्टरच्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि गेल्या वर्षी व्यवस्थित चाललेली केबल यंदा असा दगा देते. नवीन कनेक्टर क्रिम्प करायला पाच मिनिटे लागतात.

दुसरी गोष्ट मोडेमच्या वायफायची. कंपनीने दिलेल्या मोडेमचे स्वतःचे वायफाय चालूच राहिले, आणि त्याचे नाव आणि पासवर्ड नव्या राउटरला तसाच दिला, तर घरातील निम्मे फोन गुपचूप जुन्या मोडेमलाच जोडलेले राहतात. त्यांची वाहतूक राउटरकडे येतच नाही, मग ती वाटली तरी कशी जाणार? दोन्ही मोडेमचे वायफाय बंद करावे.

दोन्ही मोडेम १९२.१६८.१.१ याच पत्त्यावर आहेत. काही बिघडते का?

बिघडते, आणि विचित्र प्रकारे बिघडते. दोन्ही वॅन पोर्टवर एकच नेटवर्क दिसल्यामुळे कोणता गेटवे (बाहेर जाण्याचे पुढचे दार) कोणत्या दिशेला आहे हे राउटरला ठरवता येत नाही. कधी एक लाइन चालते, कधी दुसरी, तर कधी एकही नाही. एका मोडेमचा पत्ता १९२.१६८.२.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.३.१ करावा आणि राउटरच्या आतील नेटवर्कला तिसरीच मालिका द्यावी, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.१. शक्य असेल तेथे फायबरचा मोडेम ब्रिज मोडमध्ये टाकून (म्हणजे त्याने वाहतूक फक्त पुढे द्यावी) पीपीपीओईचे, म्हणजे कंपनीच्या सेवेत शिरण्याचे, लॉगिन राउटरमध्येच भरावे. त्यामुळे दुहेरी नॅटही, म्हणजे मोडेम आणि राउटर दोघांनी केलेली पत्त्यांची अदलाबदलही, टळते.

दुसरी लाइन ‘कनेक्टेड’ दिसते, पण तिच्यावरून काहीच जात नाही. असे का?

येथे राउटरनुसार कारण बदलते. टीपी-लिंकच्या दोन वॅनच्या राउटरमध्ये लोड बॅलन्सिंगसाठी प्रत्येक लाइनचा वेग भरावा लागतो. त्या रकान्यात भलताच आकडा राहिला असेल तर वाटणी त्या आकड्याप्रमाणे होते. शिवाय लिंक बॅकअप चालू असेल, तर दुसरी लाइन पहिली पडेपर्यंत हात बांधून बसते, आणि ते तिचे कामच आहे. पीएफसेन्स या राउटर सॉफ्टवेअरमध्ये गेटवे ग्रुप तयार करून दोन्ही गेटवे एकाच टियरमध्ये (पसंतीच्या पायरीवर) ठेवले तरच वाटणी होते. टियर वेगवेगळे असतील तर तो केवळ बॅकअप ठरतो. तो ग्रुप लॅनच्या (आतील नेटवर्कच्या) फायरवॉल नियमात निवडणेही आवश्यक असते. ही शेवटची पायरी हमखास विसरली जाते.

ओपनडब्ल्यूआरटी या राउटर सॉफ्टवेअरवरील एमवॅन३ या लोड बॅलन्सिंगच्या पॅकेजमध्ये ‘मेट्रिक’ (पसंतीचा क्रमांक) हा शब्द दोन ठिकाणी येतो आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ उलटा पडतो. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये प्रत्येक वॅनचा मेट्रिक वेगळा असलाच पाहिजे, अन्यथा दुसऱ्या लाइनचा मार्ग तक्त्यातच येत नाही. मात्र एमवॅन३ च्या ‘मेंबर’ यादीत, वाटणी हवी असेल तर, दोघांचा मेट्रिक समान ठेवावा लागतो. एक समान आणि एक भिन्न, हे कागदावर लिहून राउटरच्या पाठीला चिकटवून ठेवले तरी वावगे नाही.

मायक्रोटिकच्या राउटरमध्ये पीसीसी पद्धतीने जोडण्यांवर खुणा करून वाटणी करतात. तेथे फास्टट्रॅकचा (पॅकेट झटपट पुढे पाठवणारा) मूळ नियम चालू राहिला, तर पॅकेट खुणा करण्याच्या टप्प्याला वळसा घालून निघून जातात आणि वाटणी अर्धवट होते. तो नियम बंद करावा किंवा खूण केलेल्या जोडण्या त्यातून वगळाव्यात. फास्टट्रॅक बंद केल्यावर प्रोसेसरवरचा भार वाढतो आणि जुन्या, लहान राउटरचा एकूण वेग घटतो, हे गृहीत धरावे.

बँकेच्या संकेतस्थळावर लॉगिन केले की मध्येच बाहेर का फेकले जाते?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि दोष बँकेचा नाही. सुरक्षिततेसाठी अनेक बँका आणि सरकारी पोर्टल लॉगिनच्या वेळचा आयपी पत्ता लक्षात ठेवतात. एक पान उघडताना ब्राउझर अनेक जोडण्या उघडतो. त्यातील एक फायबरवरून आणि पुढची फाइव्ह-जीवरून गेली, की एकच ग्राहक क्षणार्धात दोन ठिकाणांहून बोलताना दिसतो आणि सत्र तोडले जाते.

उपाय असा, की एका उपकरणाची वाहतूक ठराविक काळ एकाच लाइनवर चिकटून राहावी. पीएफसेन्समध्ये यासाठी ‘स्टिकी कनेक्शन्स’ आहे, एमवॅन३ मध्ये नियमाला ‘स्टिकी’ लावता येते, टीपी-लिंकमध्ये ‘ॲप्लिकेशन ऑप्टिमाइझ्ड राउटिंग’ नावाची खूण असते, आणि मायक्रोटिकच्या पीसीसीत वर्गीकरण केवळ स्रोत पत्त्यावर, म्हणजे पाठवणाऱ्या उपकरणाच्या पत्त्यावर, ठेवता येते. स्रोत आणि गंतव्य अशी दोन्हींवर वाटणी केल्यास भार अधिक समान पसरतो खरा, पण बँकेचे लॉगिनचे पान एका सर्व्हरवर आणि ओटीपीचे पान दुसऱ्या सर्व्हरवर असेल तर तीच अडचण पुन्हा उद्भवते. म्हणून केवळ स्रोत पत्त्यावर आधारलेली वाटणी मला अधिक पसंत आहे. तिच्यात एखादे दिवशी दोन जड वापरकर्ते एकाच लाइनवर पडतात. तेवढे चालवून घ्यावे.

आणखी एक बारकावा. पोर्ट ४४३ ची, म्हणजे सुरक्षित संकेतस्थळांची, वाहतूक एकाच लाइनवर बांधणारा नियम लिहिताना बहुतेक जण पॅकेट पाठवण्याच्या टीसीपी आणि यूडीपी या दोन पद्धतींपैकी फक्त टीसीपी निवडतात. आताचे ब्राउझर क्विक या प्रोटोकॉलने यूडीपी ४४३ वरूनही बोलतात, त्यामुळे नियमात टीसीपी आणि यूडीपी दोन्ही असावेत. इंटरनेटवरून होणारे फोन कॉल, ऑफिसचा व्हीपीएन आणि मोबाइलचे वायफाय कॉलिंग हेही असेच नाजूक असतात. वायफाय कॉलिंग यूडीपी ५०० आणि ४५०० या पोर्टवर चालते. या सर्वांना अधिक स्थिर असलेल्या लाइनवर बांधून टाकावे आणि उरलेली वाहतूक खुशाल वाटू द्यावी.

फायबर तुटली आहे, मोडेमवर लाल दिवा आहे, तरी राउटर त्या लाइनला ‘चालू’ का म्हणतो?

राउटर काय तपासतो, यावर ते अवलंबून आहे. पुष्कळ राउटर केवळ गेटवेला पिंग करतात, आणि मोडेम ब्रिज मोडमध्ये नसेल तर तो गेटवे म्हणजे तुमच्याच कपाटावर ठेवलेला मोडेम असतो. रस्त्यावर माड कोसळून तार तुटली तरी मोडेम घरात जिवंत असतो, पिंगला उत्तर देत राहतो, आणि राउटर अर्ध्या जोडण्या त्या बंद वाटेवर पाठवत राहतो. घरच्यांना याचा अनुभव ‘प्रत्येक दुसरे पान उघडत नाही’ असा येतो.

तपासणीसाठी बाहेरचे पत्ते द्यावेत: १.१.१.१, ८.८.८.८, ९.९.९.९ यांपैकी प्रत्येक लाइनला किमान दोन. एकच पत्ता दिला आणि तोच काही काळ उत्तर देईनासा झाला, तर चांगली लाइन उगाच बाद होते. मायक्रोटिकच्या ‘चेक गेटवे’ला हे थेट जमत नाही, कारण ते जवळच्या गेटवेलाच तपासते, तेथे बाहेरच्या पत्त्यावर टेकलेला रिकर्सिव्ह मार्ग लिहावा लागतो. ही तपासणी दर १० सेकंदांनी होते आणि दोनदा उत्तर न आल्यावर मार्ग बाद धरला जातो, त्यामुळे बदल व्हायला साधारण २० सेकंद लागणे स्वाभाविक आहे. प्रत्येक तपासणी पत्ता त्या त्या लाइनवरूनच जाईल असा मार्ग पक्का करावा; नाहीतर पहिल्या लाइनची तपासणी दुसऱ्या लाइनवरून होऊन ‘सगळे ठीक’ असा निरोप येतो.

सेटिंग झाल्यावर परीक्षा घ्यावी. त्यासाठी राउटरकडची केबल काढू नये, कारण पोर्ट बंद पडल्याचे कोणत्याही राउटरला कळते. मोडेमच्या मागची फायबरची पिन हलक्या हाताने काढून पाहावी. खरा प्रसंग तसाच असतो. पिनच्या टोकाला बोट लावू नये आणि त्यात डोकावून पाहू नये.

राउटर दर काही मिनिटांनी एक लाइन बंद-चालू, बंद-चालू करतो. ते कसे थांबवावे?

तपासणीचे निकष फार कडक असू शकतात किंवा लाइन खरोखरच पॅकेट हरवत असू शकते. मोठी फाइल चढवताना लाइन तुडुंब भरते, पिंगचा वेळ शेकडो मिलिसेकंदांवर जातो आणि राउटर ती लाइन मेली असे समजतो; मग तिच्यावरचा भार निघतो, ती पुन्हा ठीक दिसते आणि हे चक्र चालू राहते. लाइन बाद करण्यासाठी सलग तीन ते पाच अपयशे, आणि परत घेण्यासाठी त्याहून अधिक सलग यशे, असा निकष ठेवावा. अपलोडचा वेग लाइनच्या खऱ्या क्षमतेच्या सुमारे ९० टक्क्यांवर मर्यादित केल्यासही बराच फरक पडतो.

एक लाइन पडल्यावर चालू असलेला व्हिडिओ कॉल तुटतो. तो न तुटता दुसऱ्या लाइनवर जाऊ शकेल का?

सामान्यतः नाही. पत्ता बदलला की जुनी जोडणी संपते आणि ॲपला नवी उघडावी लागते. चांगली ॲप काही सेकंदांत ते करतात. त्याहून जास्त वेळ लागत असेल, तर लाइन पडताच जुन्या जोडण्यांच्या नोंदी पुसण्याची सोय राउटरमध्ये असल्यास चालू करावी.

काही संकेतस्थळे उघडायला फार वेळ लागतो, पण उघडल्यावर वेग चांगला मिळतो. हा कसला प्रकार?

डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. पहिल्या कंपनीचा डीएनएस सर्व्हर अनेकदा फक्त तिच्याच ग्राहकांना उत्तर देतो. त्याला विचारलेला प्रश्न दुसऱ्या कंपनीच्या लाइनवरून गेला, तर उत्तर येत नाही. संगणक काही सेकंद वाट पाहतो आणि मग दुसऱ्या सर्व्हरला विचारतो. राउटरमध्ये दोन्ही लाइनींवरून चालणारे सार्वजनिक डीएनएस पत्ते भरावेत.

पाने उघडायला लागून अर्ध्यावरच अडकत असतील, आणि तेही फक्त एका लाइनवर, तर कारण एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, असू शकते. साध्या इथरनेटवर तो १५०० बाइट असतो, पीपीपीओईवर १४९२. राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेटचा आकार त्या मर्यादेत ठेवायला लावणे) चालू केल्यावर हा त्रास बहुधा जातो.

म्हापशाच्या दुकानातील कॅमेरे घरून पाहता येत होते. दुसरी लाइन आल्यापासून दिसत नाहीत. काय करावे?

आधी पाहावे, की बाहेरून येणारी जोडणी कोणत्या लाइनच्या पत्त्यावर येते आणि तिचे उत्तर कोणत्या लाइनवरून परत जाते. आत एका वाटेने आले आणि उत्तर दुसऱ्या वाटेने गेले, तर पलीकडचा फोन ते नाकारतो. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरची सगळी वाहतूक एका लाइनवर बांधली की बहुतेक वेळा हे सुटते. डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचे नाव देणारी सेवा) वापरत असाल, तर तोही त्याच लाइनचा पत्ता नोंदवतो आहे याची खात्री करावी.

नंतर राउटरच्या वॅनवरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतील असेल, तर तुम्ही कंपनीच्या सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. त्या लाइनवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतील उपकरणाकडे वळवणे) कितीही केले तरी चालणार नाही. मोबाइल नेटवर्कवरच्या लाइनींची हीच गत असते. कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घेणे, किंवा रेकॉर्डर बनवणाऱ्याच्या क्लाउड ॲपवरून पाहणे, हे दोन मार्ग उरतात.

आयपीव्ही६ चालू ठेवावे की बंद?

आयपीव्ही६ ही आयपी पत्त्यांची नवी पद्धत, आयपीव्ही४ ही जुनी. प्रत्येक कंपनी आपली वेगळी आयपीव्ही६ मालिका देते, आणि एका कंपनीच्या पत्त्याची पॅकेट दुसऱ्या कंपनीच्या लाइनवरून पाठवली तर ती टाकून दिली जातात. शिवाय अनेक स्वस्त राउटर फक्त आयपीव्ही४ ची वाटणी करतात. मग मोठमोठ्या संकेतस्थळांची वाहतूक आयपीव्ही६ वरून एकाच लाइनने जाते आणि दुसरी लाइन मोकळी दिसते. तपासणीपुरते ते बंद करून पाहावे. फरक पडला, तर ते एकाच लाइनवर ठेवावे किंवा, राउटरला जमत असल्यास, मालिका बदलणारी एनपीटी पद्धत वापरावी.

वाटणीचे प्रमाण कसे ठरवावे?

जाहिरातीतील वेगावरून ठरवू नये. गर्दीच्या वेळी मोजलेल्या वेगावरून ठरवावे. फायबर कायम १०० देते आणि फाइव्ह-जी सकाळी २०० पण रात्री ४० वर येते, असे असेल तर प्रमाण ५ ला २ ठेवावे. दुसऱ्या लाइनला डेटाची मर्यादा असेल, तर मात्र वाटणीच्या भानगडीत पडू नये आणि ती केवळ बॅकअप ठेवावी. खरे सांगायचे तर दोन-तीन माणसांच्या घराला १०० एमबीपीएसची एक लाइन पुरून उरते. चवथीला मुंबईहून सगळे घरी आले आणि पंधरा फोन एकदम जोडले गेले, की तेवढ्या दिवसांपुरती वाटणी उपयोगी पडते. होमस्टेची गोष्ट वेगळी, तेथे ती बारा महिने हवी.

जोराचा पाऊस झाला की दोन्ही लाइन एकदमच जातात. मग दोन घेऊन उपयोग काय?

दोन कंपन्या म्हणजे दोन वाटा असे नसते. दोन्ही फायबर एकाच विजेच्या खांबांवरून येत असतील, तर एक फांदी दोघींना एकदम पाडते. सत्तरी आणि काणकोणसारख्या झाडीच्या भागांत घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत चालत जाऊन दोन्ही तारा कुठे वेगळ्या होतात हे एकदा पाहून यावे. त्या वेगळ्या होतच नसतील, तर दुसरी लाइन मोबाइल नेटवर्कवरची घ्यावी. ज्या टॉवरवरून ती चालते, त्याचा बॅकअप लांबलेल्या वीजखंडात संपू शकतो, पण निदान दोघींची दुखणी वेगळी राहतात.

घरातील वीजही पाहावी. राउटर यूपीएसवर आणि मोडेम भिंतीच्या सॉकेटवर, अशी मांडणी मी अनेकदा पाहिली आहे. वीज गेल्यावर राउटर दिमाखात जागा असतो आणि त्याला बोलायला कोणी नसते. तिन्ही यंत्रे एकाच यूपीएसवर घ्यावीत. मोडेम आणि राउटर १२ व्होल्टचे असल्यास लहान डीसी यूपीएस स्वस्त पडतो, मात्र तिघांचे अँपिअर मिळून त्याच्या क्षमतेत बसतात का, हे अडॅप्टरवर वाचून घ्यावे. मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला, की छपरावरच्या फाइव्ह-जी यंत्राकडून खाली येणारी नेटवर्क केबल राउटरमधून काढून ठेवावी. विजेचा झटका त्या तांब्याच्या तारेतून वॅन पोर्टवर उतरतो आणि पोर्ट कायमचा जातो. फायबरमधून तो येत नाही, पण तिच्या मोडेमच्या अडॅप्टरमधून येऊ शकतो, म्हणून तोही सॉकेटमधून काढावा.